प्रदर्शनात चित्रकाराला काम करताना बघणं: डेमो, प्रात्यक्षिकं आणि आपण प्रेक्षक

कोरा_कागद

प्रदर्शनाला येणारे बरेच जण भिंतीलगत एक फेरी मारतात, अभिप्रायाच्या वहीत "खूप सुंदर" असं लिहितात आणि बाहेर पडतात. त्याच दालनात कोपऱ्यात एखादा चित्रकार ईझल लावून काम करत असेल, तर हीच माणसं दीड-दोन तास जागची हलत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. त्यावर नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतोय.

नुकताच पुण्यात बालगंधर्व कलादालनात एका गटप्रदर्शनाच्या निमित्ताने तैलरंगातल्या व्यक्तिचित्राचा डेमो पाहिला. मॉडेल म्हणून फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. कॅनव्हासवर आधीच टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी हात मारलेला होता. पॅलेटवर चारच रंग: यलो ऑकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. स्वीडिश चित्रकार आंडर्स झॉर्न याच्या नावाने ही रंगसंगती ओळखली जाते. एवढ्याशा रंगांत माणसाची त्वचा कशी जमणार, असं शेजारी बसलेल्या काकू कुजबुजत होत्या. पण काळ्यात ऑकर मिसळला की हिरवट छटा येते, आणि काळ्या-पांढऱ्याचा राखाडी उबदार रंगाशेजारी ठेवला की तो निळसर दिसायला लागतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही, समोर घडताना बघितलं की पटतं.

सुरुवातीची वीस मिनिटं नाक-डोळे काहीच नव्हते. चित्रकार डोळे बारीक करून बघत होता आणि सावलीचा एकच मोठा आकार मांडत होता: फेट्याखालचं कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, नाकाची एक बाजू, हनुवटीखालचा गळा, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मग फेटा आला. चार-पाच जाड फटकाऱ्यांत पीळ उभे राहिले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्यासाठी खरा क्षण त्यानंतरचा. तासभर झाल्यावर चित्रकार मागे सरकला, बराच वेळ बघत राहिला आणि त्याने पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) आजोबांचा डावा गाल खरवडून काढला. लोकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं, कारण आम्हाला तो गाल उत्तम वाटत होता. त्याने शांतपणे सांगितलं की सावलीतल्या गालावर त्याने उजेडातला रंग वापरला होता, त्यामुळे डोकं गोल न वाटता पुठ्ठ्यासारखं सपाट वाटत होतं. तोच गाल त्याने परत एक पायरी गडद आणि थोडा थंड, म्हणजे निळसर, लावला, आणि डोकं वळलं! आधीच्या गालात काय चुकलं होतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

पूर्ण झालेल्या चित्रात हा खरवडलेला गाल कुठेच सापडणार नाही. शेजारीच रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. किती पिढ्या ती बघत आल्या. पण ती रंगवताना देऊसकर कुठे थांबले, काय पुसलं, कुठला भाग शेवटपर्यंत मोकळा ठेवला, हे आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही. डेमो हे दाखवतो. म्हणून माझं म्हणणं असं की डेमोला गेलात तर हाताकडे कमी बघा, चित्रकाराच्या मानेकडे जास्त बघा. मॉडेलकडे तो किती वेळ बघतो आणि कॅनव्हासवर ब्रश किती वेळ टेकतो, याचं प्रमाण बघा. चांगल्या चित्रकाराचा ब्रश बराच वेळ हवेतच असतो.

मुंबईत वासुदेव कामत आणि त्यांचा पोर्ट्रेट आर्टिस्ट ग्रुप यांनी व्यक्तिचित्रांचे डेमो चिकाटीने चालवले आहेत. कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार मिळाला, तोही पत्नीच्या व्यक्तिचित्राला. एवढ्या उंचीचा माणूस नवख्यांसमोर बसून "बघा, इथून सुरुवात करतो" म्हणतो, हे आपलं भाग्य आहे. तुमच्या गावात असं काही होतं का? काय पाहिलंत?

रंकाळावेस

आमच्या कोल्हापुरात होतं की! जानेवारीत टाउन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. दालनाच्या भिंतीच नाहीत, झाडाखाली जागा मिळेल तिथे चित्रकार बसतात. एकीकडे गाणं चालू असतं, एकीकडे कुणी जलरंगात टाउन हॉलची इमारत करतंय, कुणी व्यक्तिचित्र, कुणी रांगोळी, कुणी मातीत शिल्प. तिकीट नाही, काही नाही. दूध घालून परत निघालेला माणूससुद्धा सायकल लावून उभा राहतो.

हे इथेच का रुजलं, ते सांगतो. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून इथेच परत आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि कोटितीर्थ, पंचगंगा, रंकाळा असे फिरून ते प्रत्यक्ष जागेवर बसून चित्रं करत राहिले. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, पुढे सिनेमाचा कॅमेरा हाताने बनवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. चित्रकार काम करताना दिसणं, ही आमच्या पेठांमध्ये रोजची गोष्ट होती. त्यामुळे बागेत कुणी ईझल लावला तर लोकांना त्यात अवघडल्यासारखं होत नाही, आणि चित्रकारालाही नाही.

शिल्पाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मातीतलं व्यक्तिशिल्प होताना सगळी गर्दी मॉडेलच्या चेहऱ्यासमोर जमते. तिथून हटा आणि शिल्पकाराबरोबर गोल फिरा. तो निम्मा वेळ मॉडेलच्या पाठीमागे असतो. आधी सळी-तारांचा सांगाडा, त्यावर मातीचे गोळे दाबून दाबून भरायचे, मग कॅलिपरने (माप घ्यायच्या चिमट्याने) कानापासून कानापर्यंतचं माप, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचं माप. डोक्याची मागची बाजू आणि मान कुठे जुळते ते पक्कं झाल्याशिवाय तो डोळ्याला हात लावत नाही. शेजारचा एक पोरगा म्हणाला, "नाक कधी काढणार?" शिल्पकार म्हणाले, "आधी डोकं तर खांद्यावर बसू दे." नाक अगदी शेवटी आलं, आणि आलं तेव्हा पटकन आलं.

आणि एक. पुष्कळदा ती माती नंतर मोडून परत भिजत टाकतात. साचा काढायचा तर वेळ आणि खर्च दोन्ही लागतात. लोक हळहळतात, पण शिल्पकाराला त्याचं काही वाटत नाही.

सई_पु

वाचून फार छान वाटलं. मला चित्रकलेतलं काही येत नाही, पण बघायला आवडतं. जलरंगाच्या डेमोला गेले होते, माझ्या जागेवरून फक्त चित्रकाराचा उजवा हात आणि कोपर दिसत होतं. कुठे बसावं? आणि मध्ये प्रश्न विचारले तर चालतात का?

एकांतवासी

माझं मत वेगळं आहे, तेही मांडतो.

चित्र ही एकट्याने करायची गोष्ट आहे, असं मी मानतो. अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या खोलीत राहायचे, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. रोलर आणि नाइफने रंग लावायचा, कागदाच्या तुकड्यांनी तो उचलायचा, आणि मधला पुष्कळ वेळ नुसतं बसून राहायचं. याचा डेमो कसा करणार? समोर माणसं बसली की काहीतरी घडत राहिलं पाहिजे, असा दबाव येतो. चित्रकार नकळत टाळ्यांच्या जागा शोधायला लागतो. वर कोरा_कागद यांनीच लिहिलंय की टाळ्या फेट्याला मिळाल्या. गालाला मिळाल्या नाहीत.

त्याच वाटेने पुढे गेलं की समारंभांतली ती 'स्पीड पेंटिंग' येतात. मोठ्या आवाजात गाणं लावायचं, काळ्या कॅनव्हासवर महाराजांचं चित्र उलटं रंगवायचं आणि शेवटी फिरवून दाखवायचं. कसब आहे, नाकारत नाही. पण ते बघून घरी गेलेल्या मुलाला वाटतं की चित्र म्हणजे पाच मिनिटांत करायची करामत. हे नुकसान मला मोठं वाटतं. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी तर १९९२ साली कलकत्त्यात टाटा सेंटरला लोकांसमोर देवींची चित्रं रंगवली आणि शेवटी स्वतःच पांढऱ्या रंगाने झाकून टाकली. त्यामागे विचार होता, मान्य. पण लोकांच्या लक्षात राहिला तो प्रसंग, चित्रं नाहीत.

कोरा_कागद

@एकांतवासी, गायतोंड्यांचा डेमो होऊ शकला नसता हे शंभर टक्के मान्य. सगळ्या प्रकारच्या चित्रांना हे लागू पडत नाही. समोर मॉडेल किंवा दृश्य ठेवून जे काम होतं, त्याला डेमो शोभतो, कारण प्रेक्षकालाही तेच दृश्य दिसत असतं आणि तो मनातल्या मनात पडताळा घेऊ शकतो.

पण लोकांसमोर केलेलं काम उथळच होतं, हे पटत नाही. इंग्रज चित्रकार टर्नरचं उदाहरण बघा. १८३४ साली लंडनचं संसद भवन जळालं. पुढच्या वर्षी ब्रिटिश इन्स्टिट्यूशनच्या प्रदर्शनासाठी त्याने त्या आगीचं जे चित्र पाठवलं, ते जवळजवळ कोरंच होतं, रंगांचे नुसते अस्पष्ट डाग. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायला आणि व्हार्निश द्यायला चित्रकारांना दिवस दिलेला असे. टर्नर भल्या सकाळी आला आणि बाकीच्या चित्रकारांच्या देखत भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हासवरच सगळी आग रंगवली. काम झाल्यावर पेटी आवरली आणि चित्राकडे वळून न बघता निघून गेला. बघणारे सगळे धंद्यातले लोक होते, तरी थक्क झाले. आणि ते चित्र आज टर्नरच्या उत्तम कामांत धरलं जातं.

टाळ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. म्हणूनच चित्रकाराने मध्ये मध्ये बोलावं असं मला वाटतं. गाल का खरवडला ते त्याने सांगितलं नसतं, तर आम्ही फेट्यावरच खूश होऊन घरी गेलो असतो.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आमची मुलं एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही पाठवतात. अडचण अशी की परीक्षेच्या तयारीत मुलांना एक साचा सापडतो आणि ती तो सोडत नाहीत. स्मरणचित्रात तीन माणसं पुढे, दोन मागे, उरलेली जागा पोस्टर कलरने गच्च भरायची. कागद कुठे पांढरा दिसला तर काम अपुरं राहिलं असं त्यांना वाटतं, कारण आम्हीच तसं शिकवत आलोय.

जवळच्या शहरात स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन होतं, तिथे जलरंगाचं प्रात्यक्षिक होतं म्हणून मुलांना घेऊन गेलो. चित्रकार बाईंनी आठवडी बाजार करायला घेतला. पेन्सिलीच्या मोजक्या रेघा, मग मोठ्या ब्रशने आभाळापासून जमिनीपर्यंत एकच ओला वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर), मधली ताडपत्री तेवढी कोरी सोडलेली. सातवीतल्या एका मुलीला राहवेना. तिने सांगितलं, "बाई, ते पांढरं राहिलंय." बाईंनी ब्रश खाली ठेवला, तिला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तिथे ऊन पडलंय. आता बघ." आणि त्या कोऱ्या जागेच्या खाली एकच गडद पट्टा ओढला, ताडपत्रीखालची सावली. कागदाचा पांढरा भाग एकदम उन्हासारखा चमकायला लागला. त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही.

त्यानंतर वर्गात चार-पाच मुलांच्या चित्रांत पांढरा कागद दिसायला लागला. मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे सांगत होतो, ते एका पट्ट्याने झालं. @एकांतवासी, तुमची काळजी मला कळते, पण ग्रामीण भागातल्या मुलाला चित्रकार काम करताना दिसतो तरी कुठे? त्याला छापील चित्र दिसतं, नाहीतर मोबाइलवर दहापट वेगाने पळवलेला व्हिडिओ. त्या व्हिडिओत वॉश वाळायची वाट बघणं कापून टाकलेलं असतं, आणि जलरंगात शिकण्यासारखं सगळं त्या वाट बघण्यातच आहे.

ओला_वॉश

फळा_खडू सर, शेवटच्या वाक्याला मनापासून अनुमोदन.

@सई_पु, चित्रकार उजव्या हाताने काम करत असेल तर त्याच्या डाव्या खांद्यामागे जागा धरा. उजवीकडून त्याचाच हात आड येतो. डावखुरा असेल तर उलट. हल्ली वरून कॅमेरा लावून पडद्यावर दाखवतात, त्याने हात नीट दिसतो, पण पडद्यावर रंगांचा ओलेपणा कळत नाही. कागदावरची चमक कधी जाते, हे प्रत्यक्षच बघावं लागतं. चमक असताना दुसरा रंग सोडला तर तो पसरतो. चमक नुकतीच गेली आणि कागद आतून ओला आहे, अशा वेळी पाणीदार ब्रश टेकला तर फुलकोबीसारखे डाग पडतात. पूर्ण वाळल्यावर लावला तर कडा स्पष्ट येते. सगळा खेळ या तीन वेळांचा.

म्हणून हवेचा फार फरक पडतो. एप्रिलात पुण्या-नागपुरात वॉश बघता बघता वाळतो, चित्रकाराला घाई करावी लागते किंवा कागद मागूनही भिजवून घ्यावा लागतो. तोच माणूस जुलैत कोकणात किंवा गोव्यात डेमो करत असेल तर वॉश वाळता वाळत नाही, हेअर ड्रायर लागतो. कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, असेल तर पाणी धरून ठेवतो आणि फारसा फुगत नाही. पातळ कार्ट्रिज कागदावर हेच करायला गेलं की कागदाच्या लाटा होतात आणि रंग खड्ड्यांत साचतो. घरी येऊन "मला का जमत नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांची अडचण हातात नसते, कागदात असते.

जलरंगातले नावाजलेले चित्रकार मिलिंद मुळीक यांचा डेमो पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. मोठे आकार आधी, बारकावे अगदी थोडे आणि अगदी शेवटी. कुठे थांबायचं, ते त्यांच्याकडून शिकावं. प्रश्न जरूर विचारा, पण पहिला मोठा वॉश चालू असताना नको. तो एकदा सुरू झाला की थांबता येत नाही.

अबोली_फूल

एक गोष्ट खटकते ती मांडते. फळा_खडू सरांच्या प्रतिसादात चित्रकार बाई आल्या, बरं वाटलं. एरवी निमंत्रणपत्रिका बघा. प्रदर्शनात निम्मी चित्रं बायकांची असतात, पण 'प्रात्यक्षिक' या शब्दापुढे पुरुषाचंच नाव असतं. अंबिका धुरंधर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जे.जे.तून पदविका घेऊन बाहेर पडल्या. ए. एक्स. त्रिंदाद यांची मुलगी अँजेला त्रिंदाद यांनी त्याच काळात स्वतःचं नाव केलं. म्हणजे सुरुवात काही काल-परवाची नाही. लोकांसमोर उभं राहून अधिकाराने काम करणारी बाई दिसली की सातवीतली मुलगी पुढे होऊन बोलते, हे सरांनी लिहिलंच आहे. संयोजकांनी हे मनावर घ्यावं, अशी कळकळीची विनंती.

खुर्च्या_मांडणारा

मी आमच्या गावातल्या कलामंडळाचं काम बघतो, डेमोची तयारी माझ्याकडे असते. @अबोली_फूल, तुमचा मुद्दा पुढच्या बैठकीत मांडतो.

प्रेक्षकांना दिसत नाहीत अशा काही गोष्टी सांगतो. व्यक्तिचित्राच्या डेमोत सगळ्यात महत्त्वाचा प्रकाश. मॉडेलवर एकाच बाजूने एकच दिवा हवा, म्हणजे चेहऱ्याचे उजेड आणि सावली असे दोन स्पष्ट भाग पडतात. दालनातल्या छताच्या ट्यूबलाइट चालू राहिल्या तर सावल्या मरतात आणि चित्रकाराला काही धरायलाच उरत नाही. कॅनव्हासवर वेगळा दिवा, तोही पिवळा नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी उजेडात चित्र निळसर दिसतं. आणि कृपा करून मोबाइलचा फ्लॅश मारू नका. मॉडेलच्या डोळ्यांवर येतोच, शिवाय चित्रकाराची नजर परत स्थिरावायला वेळ जातो.

मॉडेलकडे कुणी लक्ष देत नाही. न हलता बसणं हे कष्टाचं काम आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्यायची, उठण्याआधी पावलांभोवती खडूने खूण करायची, पाठीमागच्या भिंतीवर नजरेसाठी एक ठिपका. चित्रकाराच्या बरोबरीने मॉडेलचाही सत्कार आणि मानधन झालंच पाहिजे, असा आम्ही नियम केलाय.

आणि शेवटी झालेलं चित्र कुणाचं? हे आधी ठरलेलं नसतं आणि मग मनं दुखावतात. एका संस्थेच्या कार्यक्रमात माझ्या डोळ्यांदेखत ताजं ओलं चित्र प्रमुख पाहुण्यांना भेट देऊन टाकलं. चित्रकाराला ते मंचावर जाहीर झाल्यावर कळलं. तो काही बोलला नाही, पण परत तिथे गेला नाही. मानधन वेगळं, चित्र वेगळं, आणि चित्र ठेवून घ्यायचं असेल तर त्याची किंमत वेगळी, असं निमंत्रणातच लिहून द्यावं. प्रवासखर्च आणि रंग-कॅनव्हासचा खर्चसुद्धा. "तुमचं तेवढंच नाव होईल" हे वाक्य कलाकाराला कधीही ऐकवू नये.

एकांतवासी

फळा_खडू यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलांच्या बाबतीत मला हरकत घ्यायला जागा नाही. समारंभातल्या स्पीड पेंटिंगबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. वॉश वाळेपर्यंत सगळे गप्प बसून राहतील, अशा डेमोला मी नक्की येईन.

सई_पु

@ओला_वॉश, @खुर्च्या_मांडणारा, खूप आभार. डाव्या खांद्यामागे, लक्षात ठेवते! @रंकाळावेस, जानेवारीत मुलांना घेऊन कोल्हापूरला यायचा विचार चाललाय. मोठा दहा वर्षांचा, धाकटी सहाची. कंटाळतील का?

रंकाळावेस

या की, बिनधास्त या. कंटाळत नाहीत, कारण एका जागी बसायची सक्ती नसते, या झाडाखालून त्या झाडाखाली फिरता येतं. फक्त सकाळी लवकर या. उशिरा आलात तर चित्रं बरीच पुढे गेलेली असतात आणि कोऱ्या कागदावरची सुरुवात हुकते. धाकटीला आधी शिल्पकाराकडे न्या. विचारलंत तर मातीचा एखादा गोळा हातात मिळून जाईल, मग ती उठायचं नाव घेणार नाही. मोठ्याला एक वही आणि पेन्सिल द्या आणि जे दिसेल ते काढू दे म्हणावं, बाकी काही सांगू नका. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत, तीही त्याच दिवशी बघून घ्या. जेवणाची चिंता करू नका. तारीख कळली की इथे टाकतो.